सालईचा डिंक

मंगलाबाई रामाकोन्याच्या अंगणवाडीत सेविका आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्तनाचा कॅन्सर झाला आणि नागपूरच्या उपचारांत डोक्यावरचे केस गळायला लागले. उशीवर, अंगावर, ताटातसुद्धा. शेवटी धाकट्या बहिणीनं, विजयानं, त्यांना अंगणात बसवून उरलेसुरले कापून टाकले. मंगलाबाई तेव्हा रडल्या नाहीत, विजयाच रडली. पुढं केस परत आले. आधीचे सरळ होते, हे कुरळे निघाले. मानेपर्यंत पोचले तेव्हापासून त्या ते मोकळेच ठेवतात.

यंदाच्या थंडीत विजयाच्या मुलाला नोकरी लागली, म्हणून पांढुर्ण्याजवळ तिच्या शेतात रोडग्यांचा बेत झाला. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, संत्र्याच्या बगीच्यात पंगत. जेवण झाल्यावर मंगलाबाई धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, सालईच्या झाडाला टेकून उन्हात बसल्या. सावलीसाठी कापड बांधताना कुणीतरी झाडाची साल खरवडली होती. तिथून डिंक गळत होता, तो त्यांना दिसला नाही. डोळा लागला. कुणीतरी हाक मारली म्हणून उठायला गेल्या, तर डोकं झाडाकडे ओढलं गेलं.

नवरा सुधाकर धावत आला. त्यानं हळूहळू सोडवलं खरं, पण कानामागे केसांचा गोळाच झाला होता. कुणी म्हणालं पाणी टाका. पाण्यानं डिंक आणखी घट्ट झाला.

"ताई, एवढासाच गुच्छा आहे," विजया म्हणाली. "कापून टाकू? कोणाले दिसणार बी नाही." तिच्या हातात रोडग्यांच्या पिठाची पिशवी उघडायला आणलेली कैची होती.

"ठेव ते कैची!" मंगलाबाई एवढ्या जोरात ओरडल्या, की भांडी घासणाऱ्या बाया थांबल्या. "दूर ठेव. माह्या डोक्याजवळ आणू नोको."

विजयाचा चेहरा उतरला. कैची खाली ठेवून ती चुलीकडे गेली. मंगलाबाई झाडांच्या ओळींतून येरझारा घालू लागल्या. हात सारखा कानामागे जायचा, बोटं चिकटायची, आणखी दोन केस त्या गोळ्यात अडकायचे.

"हात नोको लावू ना," सुधाकर मागून म्हणाला.

"मंग काय करू? सांगा तुमी!"



विजया वाटीत कोमट तेल घेऊन आली. "तेलानं सुटते का पाहू. बस."

"बसवत नाही मले."

"मंग उभी राय. मी उभ्यानंच काढतो."

विजया तेल चोळायची, बोटांनी एकेक बट वेगळी करायची, फडक्यानं पुसायची. मंगलाबाई या पायावरून त्या पायावर होत होत्या. मधेच चार पावलं चालायच्या, विजया वाटी घेऊन मागे. गोळा मऊ पडला तशी तिनं फणी लावली. फणीत केस आले.

मंगलाबाईंनी फणी हिसकावली आणि उन्हात धरली. "पाह्य, गळून राहिले. परत गळून राहिले."

"तुटले आहेत, ताई. मुळापासून नाही आले. पाह्य नीट."

त्यांनी पाहिलं. एकाही केसाला मूळ नव्हतं. तरी दुसऱ्या बाजूचा एक केस चिमटीत धरून त्यांनी ओढून पाहिला. तो आला नाही. आणखी एक ओढला. मग फणी परत दिली.

"तुहे केस कापले, त्या वक्ती मी बी घाबरलो होतो," विजया फणी फिरवत म्हणाली. "तुह्या डोक्याले लागन म्हणून."

"मले माहीत आहे," मंगलाबाई म्हणाल्या. "तुह्यावर राग नव्हता."

ऊन कलेपर्यंत गोळा सुटला. थोडे केस तुटले, टोकांना चिकटपणा राहिला. विजयानं उरलेलं तेल बाटलीत भरून दिलं. घरी गेल्यावर पुन्हा चोळ, मग शाम्पू लाव, पाणी शेवटी, असं बजावलं.

सौसरमार्गे रामाकोन्याकडे मोटरसायकल निघाल्यावर सुधाकरनं विचारलं, "आता बरं वाटते?"

"नाही," मागून आवाज आला. "तेलावर सारी धूळ बसून राहिली. जोरात चालवा, घरी जाऊन धुतो."

त्यानं गाडीचा वेग वाढवला.