सत्तावीस टक्क्यांवर बंद पडणारा आवाज

मीटरबाईंचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर होतं, आणि तिथंच होतं. बाकी सगळीकडे त्या मीटरबाई. हॉस्पिटलांची बिघडलेली यंत्रं दुरुस्त करणारा तो छोटासा कारखाना. सहा टेबलं, सहा माणसं, आणि त्यांतल्या एकाच माणसाच्या गळ्यात दिवसभर व्होल्ट मोजायचं मीटर लटकत असे. बाई मिठाची चवसुद्धा मीटर लावूनच बघतात, असं शेजारच्या टेबलावरचा वेल्डर म्हणायचा. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. न मोजता बोलणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं मत मुळातच फारसं चांगलं नव्हतं.

ही सवय लावली उस्तादांनी. विसाव्या वर्षी बाई ज्यांच्याकडे रेडिओदुरुस्ती शिकल्या, ते हे म्हातारे गृहस्थ. "टेबलावर काम ठेवून उठायचं असेल तर त्याला एक दिवा टांगायचा," ते बजावायचे. "दिवा चालू, म्हणजे माल जिवंत. दिवा विझला, की धावत यायचं." मोहरीएवढा लाल दिवा, त्याला दोन वायरी, वायरींना दोन चिमटे. उस्ताद गेले, रेडिओ गेले, दिवा राहिला. चोवीस वर्षांत बाईंनी दिवा न टांगता कुठल्याही कामाकडे पाठ फिरवली नव्हती, आणि याचा त्यांना चांगलाच अभिमान होता.

अशा या बाई एका आठवड्यात पार चक्रावून गेल्या, त्याची ही हकिकत.

घरात त्या आणि त्यांचे सासरे. नवरा फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातून चार दिवस घरी. सासरे, म्हणजे बाबा, आयुष्यभर गोदामात मुकादम होते. एका टोकाला ओरडले की दुसऱ्या टोकाचा हमाल दचकायचा. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. तेव्हापासून ते मुठीत मावणारं एक यंत्र गळ्याला टेकवून बोलत. यंत्र थरथरायचं, थरथर तोंडात शिरायची आणि ओठ तिचे शब्द करायचे. आवाज पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा येई, पण शब्द बाबांचेच, आणि खोचकपणाही त्यांचाच.

यंत्राच्या पोटात बोटाएवढा लिथियमचा सेल होता. तो थकला. तसलाच मिळेना, म्हणून बाईंनी दुसऱ्या बनावटीचा बसवला, आणि घोटाळा तिथून सुरू झाला. यंत्रावरच्या नखाएवढ्या पडद्यावर सत्तावीस टक्के शिल्लक दिसत असताना बाबांचा आवाज गेला. पहिल्यांदा घरात गेला तेव्हा दोघं हसली. दुसऱ्यांदा औषधाच्या दुकानात गेला, ऐन वाक्याच्या मध्ये, मागे रांग असताना. बाबा ओठ हलवत राहिले, दुकानदार "काय? काय?" करत राहिला, आणि रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं.

त्या दिवसापासून बाबा आधी आकडा बघायचे, मग बोलायचे. पुढं पुढं नुसताच आकडा बघायचे. घरात माणूस आहे आणि नाही, असं व्हायला लागलं होतं.

त्यातच निरोप आला की बाबांचा धाकटा भाऊ रविवारी भेटायला येणार. अकरा वर्षांनी. आईच्या शेवटच्या आजारपणात तो उशिरा पोचला होता, आणि बाबांनी त्याला भर अंगणात "तू एक शब्द बोलू नकोस" म्हणून हाकललं होतं. धाकटा खरंच एक शब्द न बोलता परत गेला. उशीर का झाला हे आजवर कुणाला कळलं नव्हतं. निरोप वाचून बाबांनी पाटी ओढली आणि खडूनं लिहिलं, "त्याच्यासमोर बंद पडलं तर?"

"नाही पडणार," बाई म्हणाल्या. "रविवारच्या आत नीट करते." न मोजता बोलल्या, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

यंत्र उघडलं. आत तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप होती. सेलमध्ये किती जीव उरलाय हे पडद्याला सांगायचं, एवढंच तिचं काम. पण सेल केवढा आहे हे तिला कुणीतरी आधी सांगावं लागतं. जुना सेल होता सव्वीसशे मिलिअँपिअर-तासांचा, नवा एकोणीसशेचा, आणि चिप बिचारी जुन्याच मापानं मोजत बसली होती. नसलेले सातशे, म्हणजे सव्वीसशेचे सत्तावीस टक्के, ती शिल्लक म्हणून दाखवत होती. हे कळल्यावर बाईंनी कॉम्प्युटरला वायर जोडून चिपमध्ये एकोणीसशे लिहिले आणि हात झटकले.

आकडा साठावर तासभर चिकटून बसला, मग एकदम अकरावर कोसळला.

आता मात्र चिपचं दोनशे पानांचं पुस्तक काढावं लागलं. पुस्तक म्हणत होतं, नुसतं माप सांगून भागत नाही, चिपला सेल ओळखायला शिकवावं लागतं. सेल पूर्ण भरा, दोन तास विश्रांती द्या. मग पूर्ण रिकामा करा, पाच तास विश्रांती द्या. एवढं झालं की कॉम्प्युटरवरचा करडा चौकोन हिरवा होतो, म्हणजे चिप शिकली.

मंगळवारी बाई यंत्र कारखान्यात घेऊन गेल्या. भरलं, ठेवलं, रिकामं केलं, ठेवलं. चौकोन करडाच. बुधवारी पुन्हा सगळं पहिल्यापासून. वायर बदलली, चार्जर बदलला, पुस्तकातली तीन पानं पाठ झाली. चौकोन करडाच. मीटर सांगत होतं की सेल उत्तम आहे. टांगलेला लाल दिवाही तेच सांगत होता. मग चिपला नेमकं काय झालं होतं? बाईंना काही सुधरेना.

"बाई, तुमच्याचसारखी हट्टी आहे ती," वेल्डर म्हणाला. नेहमी हसणाऱ्या बाई त्याच्यावर खेकसल्या.

यंत्र टेबलावर, म्हणून दोन दिवस बाबा मुके. बुधवारी संध्याकाळी त्या घरी आल्या तर पाटीवर लिहिलं होतं, "घर किती शांत असतं. सवय होईल." बाईंनी पाटी पुसली आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडल्या.

गुरुवारी त्यांनी काहीच केलं नाही, नुसतं पुस्तक वाचलं. जितकं वाचलं तितका डोक्याचा भुगा झाला. शुक्रवारी यंत्र घरीच ठेवलं, बाबांच्या खोलीतल्या खिडकीखालच्या टेबलावर. सकाळी भरलं, दिवा टांगला आणि दुपारी कामावर गेल्या. शनिवारी सकाळी रिकामं केलं, दिवा टांगला आणि पुन्हा कामावर गेल्या. आता त्यांना आशा नव्हती. दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून तेच करत होत्या.

शनिवारी साडेपाचला जिना चढून आल्या. लाल दिवा जळत होता; रिकाम्या म्हटलेल्या सेलमध्येही मोहरीएवढ्या दिव्यापुरतं उरतंच. कॉम्प्युटर उघडला, आणि चौकोन हिरवा होता.

बाई खुर्चीत बसल्या. उठल्या, वायर काढून परत लावली. हिरवा. तीच चिप, तोच सेल, तोच दिवा, तीच बाई. मंगळवारी नाही, बुधवारी नाही आणि आज का? यश मिळाल्यावर माणसानं हसावं, पण बाईंचा चेहरा चोरी झाल्यासारखा झाला होता. काय बिघडलं होतं ते कळलं नाही आणि काय सुधारलं तेही कळेना. अशा दुरुस्तीवर त्या कशा विसंबणार?

दीड तास चार्ज केल्यावर बाबांनी यंत्र हातात घेतलं, गळ्याला टेकवलं, आणि थोडं चाचरत म्हणाले, "सूनबाई, रागावू नकोस. तू कामावर गेलीस की तो दिवा मी काढत होतो."

"काय?"

"डोळ्यावर येतो गं. दुपारची झोप लागत नाही. जिन्यात तुझी पावलं वाजली की चिमटे परत लावायचो."

"दोन्ही दिवस?"

"दोन्ही दिवस."

बाईंनी पुस्तक ओढलं. विश्रांती द्या. तो शब्द त्यांनी पन्नासदा वाचला होता. विश्रांतीत सेलमधून काहीही ओढलं जाता कामा नये, हेही खालच्या बारीक ओळीत होतं. पण मोहरीएवढ्या दिव्याला ओझं म्हणायचं हे त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं. तो दिवा म्हणजे त्यांच्या लेखी काळजी होती. दिवा चिमूटभर का होईना ओढत होता, म्हणून चिप वाट बघत राहिली होती, सेल स्वस्थ होण्याची.

"मंगळवारपासून मी तुम्हाला मुकं ठेवलं, बाबा. माझ्या दिव्यापायी."

"आणि मी चोरून काढला म्हणून बोलतोय," बाबा म्हणाले. "फिटंफाट."

मग ते जे सुटले ते जेवतानाही थांबेनात. चार्ज करू द्या म्हटलं तर ऐकेनात. आकडा खरा बोलतो का ते मला बघायचंय, म्हणे.

रविवारी धाकटा भाऊ आला तेव्हा पडद्यावर अडतीस होते. बाईंचा जीव टांगणीला लागला. अडतीसातून सत्तावीस वजा केले तर उरतात अकरा, हा विचार डोक्यातून जाईना. ते, म्हणजे बाईंच्या नवऱ्याचे काका, खुर्चीच्या कडेवर बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. बाबांनी यंत्र गळ्याला लावलं.

"आईच्या वेळी चूक माझी झाली. तुला हाकलायला नको होतं."

काकांनी मान खाली घातली. बाबांनी पडदा पाहिला, बाईंनीही वाकून पाहिला. अडतीसच. अकरा वर्षं छातीवर बसलेल्या गोष्टीला एक टक्काही लागला नव्हता.

काकांना बोलवेना. मग बाबाच बोलत राहिले. गोदामाचं सांगितलं, औषधाच्या दुकानाचं सांगितलं, दिव्याचं तर तिखटमीठ लावून सांगितलं. काका डोळे पुसता पुसता हसले. अठ्ठावीस आले. बाईंनी कपबशी हातातच धरली. सत्तावीस. बाबांनी जराही न थांबता वाक्य पुरं केलं. सव्वीस. बाईंनी कपबशी खाली ठेवली.

दिवस कलला. बाबांनी मध्येच हात वर केला, पडद्याकडे नीट पाहिलं आणि यंत्र पुन्हा गळ्याला टेकवलं.

"चारच उरलेत. खरे चार आहेत, सुनेनं मोजलेत," ते भावाला म्हणाले. "आता तू बोल."

आणि त्यांनी यंत्र टेबलावर ठेवून दिलं.