बिनसोयाची शेळी

आमच्या मावशीच्या यजमानांइतका संशयी माणूस अख्ख्या लोहारा तालुक्यात शोधून सापडायचा नाही. काका तहसील कचेरीतल्या कारकुनीतून निवृत्त झाले, पण पडताळणी केल्याशिवाय काहीही मान्य न करायची सवय काही निवृत्त झाली नाही. कलिंगड घ्यायचं तर पहिली फोड विकणाऱ्याला खायला लावत. नवे जोडे आठवडाभर घरातच घालून फिरत, न जाणो परत करायची वेळ आली तर. मावशी सांगायची, लग्नाआधी हे मला बघायला तीनदा आले आणि तिसऱ्यांदाही पोहे खाऊन, काही न बोलता निघून गेले.

मावशीच्या रक्तात कोलेस्टेरॉल निघालं तेव्हा मात्र काकांची झोप उडाली. गोळ्या सुरू झाल्या, तूप बंद झालं. कुणी सांगितलं, सोयाबीननं कोलेस्टेरॉल उतरतं. दुसऱ्या कुणी सांगितलं, उतरतं खरं, पण त्यात बायकांच्या हार्मोनसारखं काहीतरी असतं, जनावरांत त्यानं गडबड होते. आमच्याकडं शिवारभर सोयाबीन, पण पिकवून बाजारात न्यायचं यापलीकडं त्याचा कुणी विचार केला नव्हता. काकांनी ठरवलं, आधी जनावरांवर बघायचं, मगच मावशीच्या ताटात. "तिच्यावर प्रयोग करायला ती काय रस्त्यावर पडली हाय का?" असं त्यांनी मला दरडावून विचारलं.

दारात दोन शेळ्या होत्या, सख्ख्या बहिणी. तांबडीला रोज उकडलेलं सोयाबीन आणि पांढरीला नुसता पाला, म्हणजे फरक कळेल. हार्मोनची जबाबदारी सोयाबीन खाणाऱ्या कोंबड्यावर होती. त्याचा आवाज बदलतो का हे ऐकायला काका पहाटे अंगणात खुर्ची टाकून बसत. एके दिवशी तो आरवलाच नाही आणि काकांनी गल्लीभर सांगितलं की हार्मोन लागू झालं. कोंबड्याला मावशीनं आतल्या खोलीत पाटीखाली डालून ठेवलं होतं. बिचारीला एक दिवस जरा झोपायचं होतं.

माणसाचं रक्त उपाशीपोटी घेतात म्हणून काकांनी तपासणीआधी दोन्ही शेळ्यांना उपास घडवला. दोघींनी ओरडून गल्ली डोक्यावर घेतली. जनावरांच्या डॉक्टरांनी हसू दाबत रक्त काढून शहरात पाठवलं. दोघींचं कोलेस्टेरॉल सारखंच निघालं. सोयाबीनमध्ये काही दम नाही म्हणून काका खट्टू होऊन बसले.

दोन दिवसांनी मी परसात गेलो तर मावशी पांढरीला ओंजळीनं सोयाबीन चारत होती. पहिल्या दिवसापासून चारत होती. मला बघून ती जराही ओशाळली नाही. "एकीनं खायाचं आन् दुसरीनं तिच्या तोंडाकडं बघत बसायचं? माझ्या दारात असला पंक्तिप्रपंच चालायचा न्हाय." संध्याकाळी तिनंच काकांना सांगून टाकलं. मी चपला शोधायला लागलो. काका तिच्याकडं बघत राहिले आणि मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. त्या घराची आठवण आली की मला ती संध्याकाळच आठवते.

प्रयोग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, पण निकाल यायच्या आतच मावशीच्या छातीत दुखलं आणि मुलानं तिला पुण्याला नेलं. आता ती बरी आहे, पण मुलगा परत पाठवायचं नाव काढत नाही. सोयाबीन आधी दिलं असतं तरी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणतात. काकांचा त्यावर विश्वास नाही. पुण्याची एस.टी. यायच्या वेळेला त्यांचं स्टँडवर काही ना काही काम निघतं. शेवटचा माणूस उतरेपर्यंत ते थांबतात आणि मग रमतगमत घरी येतात. मावशीशिवाय त्या घरात मलाही करमत नाही.

परवा मी म्हटलं, काका, तुम्हीच जाऊन तिला घेऊन या की, शेळ्या मी बघतो.

"आणलं असतं रे," ते म्हणाले. "पण तिथं घरासमोरच मोठा दवाखाना हाय. इथं नुसता मी हाय."