भावोजींचे नऊ दगड

माझे भावोजी मुरलीधर खांबेटे यांना पडलेली वस्तू पडलेली बघवत नाही. बर्मिंगहॅमला आमच्या मंडळाचा कार्यक्रम संपला की बाकीचे आपापले डबे आणि मुलं गोळा करत असतात, आणि हे एकटे हॉलमधल्या खुर्च्या एकावर एक चढवत असतात. शेजाऱ्याचं कुंपण वाऱ्यानं आडवं झालं, तर शेजारी उठायच्या आधी हे हातोडी घेऊन हजर. गिअरबॉक्सच्या कारखान्यात अडतीस वर्षं काढली, रिटायर होऊन सात वर्षं झाली, पण 'दमलो' हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलेला नाही. आजूबाजूचे मात्र दमतात. मी तर त्यांच्याकडे नुसती बघूनच दमते.

मी मंजिरी, त्यांची मेहुणी. हॉस्पिटलात वॉर्डवर नर्स आहे, आणि नोकरीची उरलेली दोन वर्षं कशीबशी ढकलते आहे.

चौदा महिन्यांपूर्वी माझी ताई, अरुणा, कुकर लावता लावता स्वयंपाकघरात पडली. स्ट्रोक. उजवी बाजू गेली. पुढे ती हळूहळू बोलायला लागली, काठी घेऊन घरातल्या घरात चालायला लागली, पण उजवा हात काही आला नाही. मूठ मिटली ती मिटलीच. फिजिओनं सुरुवातीला दिलेला व्यायामाचा कागद भावोजींनी फ्रिजवर चिकटवला होता. फिजिओ यायची थांबली, कागद थांबला नाही. सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि रात्री आठ. फोनमध्ये चारही वेळांचे गजर. गजर झाला की हे पिवळा स्पंजचा बॉल घेऊन ताईसमोर बसणार, तिची बोटं एकेक करून सोडवणार आणि म्हणणार, "हं, दाब. अजून थोडं. कालच्यापेक्षा बरं आहे."

कालच्यापेक्षा बरं नव्हतं. हा हात आता परत येणार नाही, असं तिच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यातच स्पष्ट सांगितलं होतं. भावोजी त्यावर "बघू" म्हणाले आणि बॉल बदलून आणला.

ऑक्टोबरात आम्ही तिघं स्कॉटलंडमध्ये डंडीला गेलो. त्यांचा मुलगा वेद नोकरीसाठी तिकडे राहायला गेला होता, त्याचं घर बघायला. आठ तास गाडी मी चालवली, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशनची वाट बघणाऱ्या माणसाच्या हातात मी मोटरवेवर स्टिअरिंग देणार नव्हते. दुसऱ्या दिवशी वेद ऑफिसला गेला, भावोजी आंघोळीला गेले, तसं ताईनं डाव्या हातानं मला जवळ ओढलं.

"मंजू, त्यांना सांग. आता पुरे."

"काय पुरे?"

"बॉल." ती शब्द शोधत शोधत बोलते. "दुखतं. आणि रोज... रोज चार वेळा वाटतं, आज पण मी नापास."

"मग तूच सांग ना."

"मी सांगितलं तर त्यांना वाटेल, हिनं हात टेकले. तू नर्स आहेस. तुझं ऐकतील."

वॉर्डवर हे असलं बोलणं मी पेशंटच्या घरच्यांशी नेहमी बोलते. खुर्ची ओढते, समोर बसते, सांगते. घरच्या माणसाला कधी सांगितलं नव्हतं. तरी हो म्हणाले. आजच सांगते म्हणाले.

भावोजी आंघोळीहून आले ते हातात फोन घेऊनच. डंडीहून तासाभरावर त्यांना नकाशात एक किल्ला सापडला होता. कॅटरथन. "दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे गं! आपण नुसतं घरात बसून काय करायचं?" माझी पाठ आठ तासांच्या ड्रायव्हिंगनं मोडून आली होती आणि घरात नुसतं बसणं हीच माझी सुट्टीची कल्पना होती. पण वाटलं, वर दोघंच असू, बोलता येईल. बारा वाजताचा बॉल आणि जेवणं उरकून निघालो.

पार्किंगच्या जागेपासून टेकडीवर पाऊलवाट जात होती. ताई गाडीतच बसते म्हणाली. चहाचा थर्मास, शाल आणि फोन तिच्या डाव्या हाताशी ठेवला. "जा तुम्ही," ती भावोजींना म्हणाली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला दुसरीकडे बघावं लागलं.

चढ फार नव्हता, वारा होता. भावोजी पुढे, गुडघ्यावर हात ठेवत, पण थांबत नाहीत. तरुणपणी वाईला असताना त्यांचा दहा-बारा जणांचा गट होता. दर रविवारी कुठल्या तरी गडावर जायचं आणि ढासळलेल्या तटाचे दगड उचलून परत रचायचे. एक तरी दगड जागेवर लावल्याशिवाय गड उतरायचा नाही, हा त्यांचा नेम. लग्न ठरल्यावर ताईलाही एकदा नेलं होतं, आणि तिनंही नव्या साडीत दगड रचले होते. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की त्या साडीचा रंगही मला पाठ आहे. वर चढताना परत ऐकली. मध्ये दोनदा मी "भावोजी, एक सांगायचं होतं" म्हणून सुरुवात केली आणि दोन्ही वेळा वाऱ्याचं निमित्त करून गप्प बसले.

वर पोचलो आणि मला किल्ला कुठे दिसेना. दरवाजा नाही, बुरूज नाही. टेकडीच्या माथ्यावर एक भलंमोठं गवताचं मैदान आणि त्याभोवती पांढुरक्या दगडांचा नुसता ढीग, गोल फिरत गेलेला. एके काळी ती भिंत होती, असं पाटीवर लिहिलं होतं. भावोजींनी उंबरठा शोधला, सापडला नाही, तेव्हा समोरच्याच दगडाला हात लावून कपाळाला लावला. मग कडेकडेनं चालत राहिले. चेहरा उतरत गेला.

"सगळाच पडलाय गं," ते म्हणाले. "एवढी पैसेवाली माणसं, आणि एक दगड कोणी उचलला नाही."

मी पाय दुखतात म्हणून जरा खाली, वाऱ्याच्या आड बसले. वाक्याची जुळवाजुळव करत डोळे मिटले. वीस मिनिटं असतील, अर्धा तास असेल. दगडावर दगड बसल्याचा आवाज आला म्हणून उठून बघते, तर भावोजी जॅकेट काढून कामाला लागलेले. ढिगाच्या कडेला हातभर जागा साफ करून त्यांनी एक कोपरा रचायला घेतला होता. खाली चार, त्यावर तीन, त्यावर दोन. सांध्यांत बारीक कपच्या बसवलेल्या. नऊ दगड, आणि खरं सांगायचं तर सुरेख बसले होते.

"भावोजी, खाली ठेवा ते," मी म्हणते आहे तोवर मागून कुत्रं भुंकलं आणि कुत्र्यामागून एक म्हातारी बाई आली. खालच्याच गावातली असावी. तिनं आधी रचलेल्या कोपऱ्याकडे बघितलं, मग भावोजींच्या खरचटलेल्या हातांकडे. ती चिडली नाही, तेच वाईट झालं. इथला दगड हलवणं कायद्यानं गुन्हा आहे, तिनं शांतपणे सांगितलं, आणि रचलेले दगड परत खाली ठेवायला सांगितले.

भावोजी ओशाळून उभे राहिले. "सॉरी, मॅडम. आमच्याकडे आम्ही दुरुस्त करतो. इथे दुरुस्ती कधी करणार?"

"करणार नाही."

"म्हणजे कोणी लक्ष देत नाही?"

"देतात की," ती म्हणाली. "वर्षभर येऊन बघून जातात. जसा पडला आहे तसाच सांभाळायचा. मी लहान होते तेव्हाही तो असाच होता. त्याला आता कोणी उभं करायचं नाही." मग तिनं कुत्र्याला हाक मारली आणि ती निघून गेली.

भावोजींनी एकेक दगड उतरवला. कुठला कुठे होता ते त्यांना आठवेना. एक हातात घेऊन ते नुसते उभे राहिले, आणि मला एकदम त्यांचा फार राग आला आणि फार कीवही आली. जुळवलेलं वाक्य विसरून गेले.

"भावोजी, ताईचा हात परत यायचा नाही."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"डॉक्टर बोलले तेव्हा मीच होतो ना समोर." त्यांनी दगड खाली ठेवला. "मी बहिरा नाही, मंजू."

"मग तिला कशाला छळताय? दुखतं तिला. तिनंच मला सांगायला सांगितलंय. रोज चार वेळा नापास झाल्यासारखं वाटतं म्हणाली."

त्यांनी कडेला जाऊन वाकून बघितलं. खाली आमची गाडी दिसत होती, एवढीशी.

"गजर झाला की मला कळतं, काय करायचं ते," ते म्हणाले. "तो बंद केला तर मी तिच्यासमोर बसून करू काय?"

नर्सकडे याचं उत्तर असायला हवं. "नुसते बसा," मी म्हणाले, तेही जरा तुसड्यासारखं, कारण रडू येत होतं आणि ते मला त्यांच्यासमोर यायला नको होतं.

आम्ही उतरलो. पहिल्यांदाच ते माझ्या मागे चालत होते. एक दगडही न लावता उतरलेला हा त्यांचा पहिला गड.

ताई जागीच होती. भावोजी मागचं दार उघडून तिच्या उजव्या बाजूला बसले. दार लावतात न लावतात तोच खिशातला फोन वाजायला लागला. चार वाजले होते. पिवळा बॉल पुढच्या सीटवर माझ्या शेजारी पिशवीत होता. सवयीनं मी तो काढून मागे धरला. त्यांनी घेतला नाही. फोन काढला, गजर बंद केला, आणि ताईची मिटलेली मूठ उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतली. बोटं सोडवली नाहीत.

ताईनं आरशातून माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या सालटं गेलेल्या बोटांकडे.

"बॉल?"

"राहू दे."

ती थोडा वेळ शब्द शोधत राहिली.

"दमलात?"

"हो गं," भावोजी म्हणाले. "दमलो."

"मग बसा," ताई म्हणाली आणि तिनं मान त्यांच्या खांद्यावर टेकली. मी किल्ली लावली होती, पण गाडी सुरू केली नाही.