काकींनी राखलेलं गवत

तापीच्या काठावर गवताशी उभं वैर धरलेली बाई आमच्या घरमालकीण काकींसारखी दुसरी झाली नाही, आणि मला आयुष्यात जे काही मिळालं ते या बाईमुळे आणि गवतामुळेच मिळालं. शहाद्याकडे नुकत्याच निघालेल्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा काकींनी मला मागची खोली दिली. देण्याआधी नाव-गाव काही विचारलं नाही, नुसते माझे दोन्ही तळहात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "विळा धरेल नही दिसत. ऱ्हाय, शिकाडसू." गुजर शेतकऱ्याघरची ही विधवा बाई, कळसाडीला कपाशी आणि उसाचं वावर, आणि त्या वावरात तणाची एक काडी दिसली तर काकींना त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही. बरं, आपल्या वावरापुरतं असतं तरी चाललं असतं! दुसऱ्याच्या बांधावरून जाताना त्या बोलता बोलता वाकायच्या आणि त्याचं गवत उपटायच्या. देवळात प्रदक्षिणा घालताना फरशीच्या फटीतलं उपटायच्या. एकदा अक्कलकुव्याला जायचं म्हणून आम्ही एसटीची वाट बघत उभ्या होतो, तर गाडी आली, थांबली, निघूनही गेली, आणि काकी आपल्या स्टँडमागची हराळी खणतायत. एका घरी दुखवट्याला गेल्या, तिथे मनापासून रडल्या, आणि रडता रडता त्यांचं अख्खं अंगण निंदून आल्या. सोयरीक जमवतानाही त्या मुलाचं घर बघत नसत, त्याचा बांध बघत.

या सगळ्या वैराचा मुख्य शत्रू होता बांधापलीकडचा भाऊबंद. नात्याने दीर, स्वभावाने अगदी निवांत. सकाळ भजनात, दुपार झोपेत, आणि वावरात सगळ्या खानदेशाचं तण गुण्यागोविंदाने नांदतंय. त्याच्या तणाचं बी वाऱ्याने काकींच्या कपाशीत यायचं. त्यापायी दोघांचं बोलणं बंद होऊन कैक वर्षं झाली होती. बंद म्हणजे समोरासमोर बंद. एरवी काकी आपल्या बैलाला मोठ्याने सांगायच्या, "बैलदादा, काही लोकेसले लाज नही रे!" आणि पलीकडून दीर आपल्या बैलाला सांगायचा, "ऐकू नको रे राजा, आपलं मस्त चाली ऱ्हायनं." दोन्ही बैल शहाण्यासारखे रवंथ करत उभे राहायचे. त्या वावरात पाय ठेवला तर नाव बदलीन, अशी काकींची जाहीर प्रतिज्ञा होती.

आणि माझं नशीब बघा, मी नेमका विषय निवडला होता कपाशीतलं तण! कोणतं तण जमिनीतली ओल खातं, कोणत्याच्या आडोशाला कीड दडते, हे मला शोधायचं होतं. विज्ञान शिकवणाऱ्या नवशिक्या बायकांसाठी तेव्हा एक फेलोशिप निघाली होती. ती मिळाली की कॉलेजातून रजा मिळायची आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत राहून संशोधन करता यायचं. मला ती हवीच होती, कारण धुळ्याहून वडिलांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, ती मिळाली तर पुण्याला जा, नाही तर नोकरीही पुरे, दिवाळीत स्थळ पक्कं करतो. काकींना हे सांगितलं तर त्या माझ्यापेक्षा जास्त घाबरल्या. "आनि तू काय कर म्हनस?" मी म्हटलं, "तुमच्या वावराचा एक कोपरा द्या. तिथे निंदायचं नाही." काकींनी कपाळाला हात लावला. "शिकेल-सवरेल बाई तू, नी गवत वाढाडस?" पण दिला! आपल्या काळजाचा तुकडा काढून दिल्यासारखा दिला. मी खुंट्या ठोकून दोऱ्या बांधल्या, आणि काकी वावरात आल्या की त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायला लागल्या.

भाद्रपदात निरोप आला, फेलोशिपच्या एक बाई पुण्याहून माझं काम स्वतः बघायला येणार. आदल्या दिवशी मी कॉलेजात अडकले होते, संध्याकाळी घरी आले तर काकींच्या चेहऱ्यावर नुसता आनंद. त्यांच्या हिशेबी पाहुणी पोरीला बघायला येणार होती, आणि पोरीला बघायला येतात तेव्हा घरदार लख्ख करतात ही साधी रीत आहे. सकाळी पाहुण्या बाईंना घेऊन बैलगाडीतून आम्ही वावरात पोचलो, आणि मी कोपरा दाखवायला पुढे झाले, तर तिथे काहीच नाही. केना नाही, कुंजरू नाही, घोळ नाही, लव्हाळा मुळासकट गायब. कोपरा तव्यासारखा साफ! खुंट्या तेवढ्या जागच्या जागी, आणि त्यांना गेरू लावलेला. "दख," काकी कौतुकाने म्हणाल्या, "कसं चकाचक करी टाकं. गवतमा पाहुणी काय म्हनती तुले?"

मी मटकन बांधावर बसले आणि रडायलाच लागले. "काकी, अहो, त्या तेच गवत बघायला आल्यात! आता कसली फेलोशिप, संपलं सगळं." काकींचा चेहरा पांढराफटक पडला. मग पदर खोचला, बांध ओलांडला, आणि सरळ शत्रूच्या वावरात शिरल्या! झाडाखाली पहुडलेला दीर त्यांना बघून धडपडत उठला. "वयनी, तुन्ही आन, आजच निंदी टाकस!" "निंदू नको!" काकी ओरडल्या. "एक काडीले हात लावू नको, भाऊ! मन्ही पोरनं नशीब तुन्हा गवतमा शे." मग दोन्ही हात जोडून त्या पाहुण्या बाईंसमोर आल्या. "बाई, चूक मन्ही शे, पोरनी नही. तिले नापास करू नका."

पाहुण्या बाई मोठ्या मनाच्या. आधी हसू आवरेना त्यांना. मग साडी वर धरून त्या दिराच्या वावरात उतरल्या आणि म्हणाल्या, "चला, दाखवा." मी डोळे पुसले आणि एकेक तण हातात घेऊन सांगायला लागले. जे येत होतं ते सगळं सांगितलं. दीर मागून येत होता, आपल्या वावराचं एवढं कौतुक त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. परत येताना बाई त्या साफ कोपऱ्यापाशी थांबल्या. "इथे आता आधी कोण उगवतं, कोण मागून येतं, ते बघा आणि मला कळवा. हा तर आयता नवा प्रयोग झाला." आणि काकींकडे वळून म्हणाल्या, "मात्र तुम्ही हात लावायचा नाही."

काकींची खरी परीक्षा तिथून पुढे सुरू झाली. कोवळे कोंब वर आले की त्यांचे हात शिवशिवायचे. त्या दोन्ही हात काखेत दाबून तिथे राखणीला बसायच्या, गुरं हाकलायच्या, निंदणाऱ्या बायांवर खेकसायच्या. येणारा-जाणारा हसायचा, "काय काकी, म्हातारपण उनं का?" ज्या बाईने सगळ्या तालुक्याला गवतावरून नावं ठेवली, तिने हे निमूट ऐकून घेतलं. फेलोशिप मिळाली. वडिलांनी स्वतः माझी ट्रंक पुण्याच्या गाडीत ठेवली. काकी मात्र स्टँडवर निरोपाला आल्या आणि माझ्याकडे न बघता खाली बसून गवतच उपटत राहिल्या.

पुढे प्रयोगशाळा, नोकरी, संसार, सगळं झालं, आणि देवाच्या दयेने चांगलं झालं. कधी गेले की काकी मला वावरात न्यायच्या. सगळीकडे साफ, आणि तो कोपरा तसाच दोऱ्या बांधलेला, गवताने भरलेला. "आता कशाला ठेवलाय काकी, काम संपलं ना." त्या म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे. तुन्हा शे तो."

काकी गेल्याचं मला उशिरा कळलं. मी कळसाडीला गेले तेव्हा वावरात निंदणी चालली होती. बाया ओळीने पुढे सरकत होत्या, आणि कोपऱ्यातल्या दोरीपाशी आल्यावर सगळ्या मागे वळल्या. मला ओळखणारं त्यांच्यात कोणी नव्हतं. मी विचारलं, "तेवढं का हो सोडलं?" एक तरुण बाई कंबर सरळ करत म्हणाली, "त्याले हात नही लावतस आम्ही. मालकीण काकी सांगी गयी, तठे एक पोरनं शिक्षण उगेल शे."