त्रेचाळीस मतं, एकच नंबर

गेल्या मंगळवारी मी पिंपळगाव बसवंतला चोर पकडायला गेले होते... निदान माझी तरी तशी खात्री होती.

नाशिकमध्ये आम्ही चौघं मिळून एक छोटा इंटरनेट रेडिओ चालवतो. दर शनिवारी दुपारी एक वाजता माझा आठवड्याच्या टॉप टेन गाण्यांचा कार्यक्रम असतो. श्रोते व्हॉट्सअ‍ॅपवर आपलं नाव आणि आवडतं गाणं कळवतात, जास्त मतं मिळालेलं गाणं वर.

महिन्याभरापूर्वी या यादीत मंजुळा आली. सुरगाण्याकडची पोरगी, आडनाव लावत नाही, कीबोर्डच्या ठेक्यावर तिकडच्या बोलीत गाते. आधी एक गाणं नवव्या नंबरवर, मग दोन, मग चार... आणि त्या आठवड्यात दहापैकी सात गाणी तिची! पहिले पाच नंबर तर सलग.

मला खटकलंच. मेसेज तपासायला बसले, तर त्रेचाळीस मतं एकाच मोबाईलवरून आलेली. नावं वेगवेगळी, पण सगळे मेसेज दुपारी एक ते दीडमधले आणि प्रत्येकात ‘गाणं’ऐवजी ‘गान’. आमचं टेक्निकल बघणारा सागर म्हणाला, “ताई, हिनं माणूस बसवलाय कामाला.”

नंबर लावला. मागे बायकांचा गलका... मी रेडिओचं नाव सांगितलं आणि फोन कट! पुन्हा लावला, तर कोणी उचललाच नाही. आता आणखी काय पुरावा हवा?

शनिवारी मी कार्यक्रमात जाहीर केलं, “खोट्या नावांनी आलेली मतं आम्ही बाद केली आहेत.” मंजुळाचं एकच गाणं उरलं, आठव्या नंबरवर. मनातून बरं वाटलं, लपवू कशाला...

सोमवारी त्याच नंबरवरून एका बाईचा व्हॉइस मेसेज आला. “मॅडम, खोटं कोन हाय ते येऊन बघा.” खाली द्राक्षांच्या एका पॅकहाऊसचा पत्ता. धमकी असावी म्हणून सागरला बरोबर घेतलं, आणि नावांची प्रिंटही.

आम्ही पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी होती. शेडबाहेर सावलीत डोक्याला पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका डबे खात बसलेल्या. बहुतेक सगळ्या पेठ-सुरगाण्याकडून हंगामापुरत्या आलेल्या. मधोमध एका फोनला स्पीकर जोडलेला.

फोन सुनंदाताईंचा, त्या सुपरवायझर. म्हणाल्या, “बाकीच्यांचे फोन गेटवरच जमा होतात, आत फक्त माझा. ज्या त्या बाईचं मत मीच टाइप करते. तुमचा फोन आला तेव्हा सुट्टी संपली होती, म्हणून कट केला... तुम्ही आम्हाला खोटं म्हणलात, ते हितंच बसून ऐकलं आम्ही.”

त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं. “वाचा नावं.”

“कमळ.” एक हात वर. “हिरा.” “मी.” “यमुना.” “हाय की...” एकेक हात वर जात होता, तरी माझा संशय काही सुटेना. मी मनात मोजत होते.

“छबी.” कोणीच बोललं नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं...

मग कडेची एक वयस्क बाई म्हणाली, “ती बाळंतपनाला घरी गेली. तिचं मत मी सांगितलं. तेवढं एक खोटं धरा.”

“पण सगळ्यांची मतं मंजुळालाच कशी?” मी शेवटचा खडा टाकून पाहिला.

हिरा हसली. “आमच्या बोलीत दुसरं कोन गातंय का तुमच्या रेडिओवर? असलं तर वाजवा, त्यालाबी देऊ.”

मी तिथेच हात जोडले. शनिवारी कार्यक्रमात पुन्हा माफी मागितली, सगळी नावं वाचली आणि मंजुळाची सातही गाणी लावली. त्या बायकांनी मला परत पाठवताना जबरदस्तीनं नागलीची भाकरी खायला घातली होती, त्याबद्दलही आभार मानले.

एक गोष्ट मात्र कार्यक्रमात बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून इथे लिहितेय. दिवाळीच्या सुमारास एका मोठ्या फिल्मी गायकाची आठ गाणी आमच्या टॉप टेनमध्ये होती... तेव्हा मी एकही नंबर तपासला नव्हता.