मीरासाब पिंजाऱ्याचे ‘डिस’चे शब्द

मंगळवार पेठेत आमच्या शेजारी राहणाऱ्या मीरासाब पिंजाऱ्याला इंग्रजीचं खूळ लागलं ते गणपतरावांमुळे. हा म्हातारा पलटणीतून पेन्शनीत आलेला. मीरासाबनं त्याची गादी पिंजून द्यायची आणि बदल्यात शब्द घ्यायचे. गणपतराव शब्द द्यायचे तेही भावकी लावून, एका वेळी एकाच अक्षरांनी सुरू होणारे. “डिस लागला की बरं ते बिघडतं, एवढं ध्येनात धर,” म्हणायचे. ऑनर म्हणजे मान, डिसऑनर म्हणजे अपमान. ऑर्डर म्हणजे शिस्त, डिसऑर्डर म्हणजे गोंधळ. ईझ म्हणजे आराम आणि डिसीज म्हणजे रोग. मीरासाब कापूस पिंजायच्या धनुकलीच्या ठेक्यावर घोकायचा. बायको जुलेखा कापसातला केर निवडता निवडता अर्थ विचारायची, चुकला की हसायची. पेठ दोघांनाही हसायची.

मग प्लेग आला. रोग्यांच्या गाद्या जाळू लागले, पिंजायला कोण देणार? मीरासाब तपासणीच्या गोऱ्या डॉक्टरचा दुभाष्या झाला. साहेब बोलायचा रोखठोक, हा सांगायचा मऊ. “जरा ताप हाय. छावणीत चार दिवस हवा बदलू द्या, मग घरला.” माणसं विश्वासानं प्लेगच्या छावणीच्या गाडीत बसायची. बहुतेक परत आलीच नाहीत. लोक याला मीरासाबचा चांगुलपणा म्हणत. मला विचाराल तर तो निव्वळ भित्रेपणा होता. लांबच्या वाटेला निघताना त्याच्या जमातीत ‘कहासुना माफ’ म्हणतात, बोललंचाललं पोटात घाला म्हणतात. याच्या गोड बोलण्यानं कितीकांचं तेवढंही राहून गेलं. पेठेतल्याच धोंडुबाईचा लेक असाच गेला. “पोराशी धड बोललेबी न्हाय रं मुडद्या,” म्हणत ती भर रस्त्यात त्याच्या अंगावर धावून गेली.

आणि एके सकाळी जुलेखाच्याच काखेत गाठ आली. साहेब दारात उभा राहून बोलला. मीरासाब तिच्याकडे न बघता म्हणाला, “जरा ताप हाय. चार दिवसांत घरला येशील.”

“डिसीज म्हणाला की सायब,” जुलेखा म्हणाली. “तुमच्याच तोंडून शिकलेय मी. धोंडुबाईच्या पोरालाबी हेच सांगितलंसा न्हवं? माझ्याशी तरी खरं बोला. मी परत येत न्हाय न्हवं?”

मीरासाबनं मान वर करून तिच्याकडे बघितलं.

“न्हाईस,” तो म्हणाला.

“मग कहासुना माफ करा.”

त्यानं केलं. स्वतःचंही मागितलं. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या पायांनी गाडीकडे गेली. छावणीतच ती वारली.

मीरासाब पुन्हा साहेबाबरोबर हिंडू लागला, पण आता दारात सरळ सांगायचा. “प्लेग हाय. परत येणं कठीण. काय बोलायचं ते आत्ता बोलून घ्या.” लोकांनी शिव्या घातल्या. एका दारात दगड बसला. कपाळाचं रक्त पुसत तो उंबऱ्यात आडवा उभा राहिला आणि आतलं बोलणं संपेपर्यंत त्यानं साहेबालाही आत जाऊ दिलं नाही.