तिसरा विषय

बारावी झाल्यावर मी देवासलाच कॉलेजात बी. ए.ला गेले. तीन विषय निवडायचे होते. इतिहास आणि समाजशास्त्र घरी ठरले होते. तिसऱ्यासाठी आई गृहविज्ञान म्हणत होती, कारखान्यात नोकरीला असलेले बाबा अर्थशास्त्र.

प्रवेशाच्या रांगेत माझ्यापुढे जवळच्या टोंकखुर्द गावची एक मुलगी एकटीच उभी होती. तिच्या घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच.

"तुम क्या ले रही हो?" तिनं विचारलं.

मला एकदम काही सुचेना. समोरच्या भिंतीवर नकाशा टांगलेला होता. "भूगोल," मी म्हटलं.

"तो मैं भी वही लूँगी."

टेबलामागचे सर म्हणाले, "बेटा, धूप में सर्वे करना पड़ता है."

"खेत में भी धूप ही रहती है, सर," ती म्हणाली. सर हसले आणि त्यांनी दोघींचा विषय भूगोल लिहिला.

मला काही तो झेपला नाही. मैदानावर मोजणी करताना माझी साखळी तिरपी जायची आणि ती सरळ करायची. महिन्याभरात मी अर्ज करून अर्थशास्त्र घेतलं. पुढे बँकेत लागले. ती मात्र भूगोलातच एम. ए. झाली आणि धारकडच्या बाग नावाच्या गावी शाळेत शिकवू लागली.

बऱ्याच वर्षांनी ती बसस्टँडवर भेटली. नवऱ्याला म्हणाली, "मुझे भूगोल इन्होंने ही दिलवाया था."

मी नुसती हसले. त्यांची धारची बस लागली होती, त्यामुळे फार बोलणं झालं नाही.